जुन्याची हौस की परिग्रह?



दशलक्षण पर्वातला नववा दिवस, उत्तम आकिंचन्य. सकाळचं प्रवचन संपलं, आम्ही बायका मंदिराच्या ओट्यावर बोलत उभ्या होतो. तेवढ्यात माझ्याच वयाची एक मैत्रीण हसत म्हणाली, "तुझ्या सुनेनं पुण्यात म्हणे भंगाराचं दुकान थाटलंय. तिला आजचा धर्म सांग एकदा." चारजणी हसल्या. मीही हसले. हसण्याचा मला तसा अधिकार होता, कारण दोन महिन्यांपूर्वी हेच मी सुनेला ऐकवलं होतं, थोड्या वेगळ्या शब्दांत.

घरी येऊन स्वयंपाकाला लागले, पण ते हसू काही मनातून जाईना. आकिंचन्य म्हणजे 'माझं काही नाही' ही भावना. मग ती भावना सुनेला जास्त शिकवायची की मला? त्या दिवसापासून जो विचार चाललाय तो आज तुमच्यापुढे मांडते.

आधी सुनेची हौस काय आहे ते सांगते. ती ठिपक्याठिपक्यांच्या सुती कापडाचे, गोल कॉलरचे फ्रॉक शिवून घेते. सणाला इरकल नेसते आणि त्यावर खणाचं पोलकं घालते. कामाला सायकलवर जाते, सायकलला पुढे वेताची टोपली. चहा इनॅमलच्या मगात, कडेला निळी रेघ असलेल्या. ओट्यावर चिनी मातीच्या बरण्या, भिंतीवर घड्याळ टोले देणारं. मैत्रिणींना वाढदिवसाला मेसेज न करता पोस्टकार्ड लिहिते. आणि फुलदाणीशेजारी एक टाइपरायटर. गोदरेजने 1955 साली आपल्या देशातला टाइपरायटर काढला, त्याच्याच एका भावंडावर मी बी.कॉम.च्या वेळी 40 च्या स्पीडची परीक्षा दिली होती. माझ्या बोटांना त्याच्या कळा अजून आठवतात. तिच्याकडे तो शोभेला आहे.

ती म्हणाली, या राहणीला इंग्रजीत 'ट्वी' म्हणतात. मी अर्थ विचारला. लहान मूल 'स्वीट' हा शब्द बोबडं बोलतं ना, त्यातून तो आला म्हणे. म्हणजे गोड, लाडिक, थोडं लहान मुलासारखं. मला वाटलं, आपल्याकडे याला शब्द आहे की. भातुकली! मोठ्या माणसांनी मांडलेली भातुकली.

ही हौस एकट्या माझ्या सुनेची नाही, हेही मी आता बघते आहे. बाजारवाल्यांनी ती कधीच ओळखली. सारेगामाने 2017 साली 'कारवाँ' काढला. दिसायला जुना रेडिओ, पोटात 5,000 गाणी भरलेली. आपल्या कितीतरी घरांत तो आई-वडिलांना भेट म्हणून आला. कॅम्पा कोला हे आमच्या कॉलेजच्या दिवसांतलं पेय. रिलायन्सने ते नाव 2022 साली विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा बाजारात आणलं. आणि रावळगावच्या गोळ्या? पान पसंद, मँगो मूड? मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला साखर कारखाना काढणारे शेठ वालचंद हिराचंद सोलापूरच्या आपल्या जैन घराण्यातले. 2024 साली त्या गोळ्यांची नावं आणि पाककृती 27 कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेली. कॉमर्सची विद्यार्थिनी म्हणून मला याचं फार नवल वाटलं. कारखान्याची यंत्रं नाहीत, जमीन नाही. नाव आणि कृती, एवढ्याचे 27 कोटी. म्हणजे ही किंमत साखरेची नाही. आपल्या लहानपणाची आहे.

याच वालचंदशेठनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिची पद्मिनी गाडी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. शेवटच्या टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हा लोक तिच्याबरोबर फोटो काढायला गेले होते. आम्हाला कॉलेजात घसारा शिकवला. दरवर्षी वस्तूची किंमत थोडी थोडी कमी करत न्यायची, शेवटी वहीत ती शून्य होते. शून्य झाल्यावर तीच वस्तू पुन्हा चढायला लागते, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आता आपल्या पिढीचा हिशोब. या मुली ज्या वस्तू दुकानांतून शोधून आणतात, त्या आपल्याच घरातून बाहेर पडल्या. पितळेचे हंडे, घंगाळ, कळशी, फिरकीचा तांब्या, सतेली, चरवी, पाणी तापवायचा तांब्याचा बंब. स्टील आलं आणि आपण हे सगळं मोडीत काढलं. दारावर भांडेवाली यायची, तिच्याकडे जुनं द्यायचं आणि चकचकीत डबा घ्यायचा. डबा वाजवून बघायचा, नाव घालून आणायचं, की आपण सुधारलो.

आपण तेव्हा मूर्ख होतो असं मी म्हणणार नाही. ज्या बाईनं रोज चिंच आणि राखेनं पितळ घासलंय, तिलाच स्टीलचं सुख विचारा. पितळी भांड्याला कल्हई नसेल तर त्यात ताक, आमटी कळकते. कल्हईवाला गावात येईपर्यंत भांडी बाजूला काढून ठेवायची. तो आला की खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झर्रकन पुसायचा. आम्ही मुलं भोवती उभी. बघायला फार छान. पण घरातल्या बाईला ते चार कामांतलं पाचवं काम होतं. बंबाला सरपण आणा, ढलप्या फोडा, राख काढा. गॅस आणि गिझर आले तेव्हा आम्हाला मोक्ष मिळाल्यासारखं वाटलं होतं.

म्हणून सुनेला मी पहिली गोष्ट ही सांगते की बाई, तू जुन्यातलं गोड तेवढं वेचून घेतलंस. आमच्या सासूबाई, आम्ही सगळ्या त्यांना 'बाई' म्हणायचो, पहाटे चारला जात्यावर बसायच्या. चुलीच्या धुरानं त्यांचे डोळे कायम लाल. शाळा चौथीपर्यंत. नवं पोलकं वर्षाला दोनदा, तेही मोठ्यांनी आणलं तर. त्या काळातलं पितळ सुंदर होतं, पण ते घासणाऱ्या हाताला कुणी विचारत नव्हतं. टोपलीची सायकल तर सोडाच, कुठलीच सायकल सेलूच्या बाजारातून त्यांनी चालवली असती तर गावानं काय केलं असतं! जुन्या काळात परत जावं असं मला मुळीच वाटत नाही. सुनेलाही वाटत नसावं. ती इरकल नेसून ऑफिसात मीटिंग घेते. तिला बाईंची साडी हवी आहे, बाईंचं आयुष्य नको. आणि त्यात गैर काय? साडीचा काही दोष नव्हता.

आता मूळ प्रश्न. ही हौस म्हणजे परिग्रह आहे का?

आपण लहानपणापासून पाठशाळेत शिकलो, बाह्य परिग्रहाचे 10 प्रकार आणि आभ्यंतर 14. बाह्य दहांत शेवटचे दोन आहेत कुप्य आणि भांड, म्हणजे कपडे आणि भांडी. बायकांचं अर्ध जग त्या दोन शब्दांत आलं! पण आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची यादी दिली नाही. त्यांनी मूर्च्छेकडे बोट दाखवलं. वस्तूत मन गुंतून शुद्ध हरपणं, 'हे माझं, हे सुटता कामा नये' असं होणं. तेव्हा वस्तू जुनी की नवी, महाग की स्वस्त, याला फारसा अर्थ नाही. मन किती अडकलंय ते बघायचं. आणि श्रावकाला परिग्रहाचं परिमाण सांगितलं आहे. संसार सोडा असं नाही, मर्यादा ठरवा असं.

या मापानं मी आधी माझंच कपाट उघडलं. ऑफिसांत एक जडवस्तू संग्रह नोंदवही असते, डेड स्टॉक रजिस्टर. तशी वही घेऊन एका दुपारी बसले. साड्या मोजल्या, आकडा सांगत नाही, लाज वाटते. त्यातल्या कित्येकींची घडी मोडलेली नाही. आहेरात आलेले स्टीलचे सेट खोक्यांसकट माळ्यावर. नॉनस्टिकचे दोन तवे, एक खरवडलेला आणि एक 'तो गेला की काढू' म्हणून ठेवलेला. प्लॅस्टिकचे डबे इतके, की त्यांची झाकणं ठेवायला वेगळा डबा. नातेवाइकांनी आणलेल्या शोपीसांची एक टोपली. यांतलं एकही जुनं नव्हतं, म्हणून त्याला कुणी भंगार म्हणालं नाही, एवढंच.

मग सुनेचं घर आठवलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बरण्या आठ, आठही भरलेल्या. मग चार, रोज वापरातले. तिच्याकडच्या गोधड्या बाईंच्या जुन्या लुगड्यांच्या आहेत, मीच माळ्यावरून काढून दिलेल्या, आणि त्या पांघरूणच आहेत, भिंतीवर टांगलेल्या नाहीत. कपडे मोजके. फ्रॉक विटला की त्याची उशीची खोळ होते. शोभेचं म्हणावं तर टाइपरायटर आणि एक बंद पडलेला काळा फोन. आता मैत्रिणींनो, तराजूत घाला आणि तुम्हीच सांगा. आकिंचन्याचा धर्म कुणी कुणाला सांगायचा?

म्हणून माझं मत असं झालंय. जुनी वस्तू वापरात असेल तर ती परिग्रह कमी करते, कारण तिच्यासाठी नवीन काही घ्यावं लागत नाही, नवीन काही खणून, वितळवून, जाळून करावं लागत नाही. तीच वस्तू नुसती बघायला घेतली, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, तर तो परिग्रहच. त्यावर जुनेपणाचा कितीही गोड मुलामा द्या.

याचं उदाहरण आमच्याच घरात घडलं. गेल्या दिवाळीत सून आली आणि माळ्याखालचं जातं बघून हरखली. "अहो आई, हे मी नेऊ? वरती काच टाकली की मस्त टी-टेबल होईल." मला इतका राग आला! पण सणाचा दिवस, गप्प बसले. "पुढं बघू," एवढंच म्हणाले.

पुढं माघात मुनिसंघ विहार करत सेलूला आला. आमच्याकडे चौका लागणार होता. तुम्हाला माहीतच आहे, आहाराला बाहेरच्या गिरणीचं पीठ चालत नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. गहू निवडायचा, शोधायचा, घरी जात्यावर दळायचा. विहिरीचं पाणी जाड सुती कापडाच्या दुहेरी गाळण्यातून गाळायचं, जिवाणी पुन्हा विहिरीत हळूच सोडायची. सून सुट्टी काढून आली होती. म्हणाली, "मी दळते." शुद्धीचे कपडे नेसली आणि बसली. पहिल्या दहा मिनिटांत खुंटा हातातून निसटायला लागला. वैरण जास्त घातली तर पीठ जाडं, कमी घातली तर दगडावर दगड. मी शेजारी बसून एक हात लावला. दोघींनी मिळून पायली-दोन पायली नव्हे, जेमतेम दोन शेर दळलं. तिच्या तळहाताला फोड आले. त्याच पिठाची पोळी दुसऱ्या दिवशी महाराजांच्या करपात्रात गेली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

जाताना ती स्वतःच म्हणाली, "अहो आई, जातं इथंच राहू द्या. त्याच्यावर काच नको."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जगाला ज्याची आता आठवण येते आहे, ते आपल्या घरांतून पूर्ण गेलेलंच नव्हतं. गाळणं, जातं, विहिरीचं पाणी, दिवसाउजेडी जेवण, हातानं शोधलेलं धान्य. आपल्या आज्या-सासवांनी ते आवड म्हणून ठेवलं नाही, जीवदया म्हणून ठेवलं. शहरातल्या मुली ज्याला आता साधी-हळूवार राहणी म्हणतात, ती आपल्याकडे व्रताच्या रूपात आहे. फक्त आपण ती मुलींना 'हे करू नको, ते चालत नाही' अशी सांगितली. त्यातलं सौंदर्य दाखवलं नाही. ते दिसायला सुनेला पुण्याच्या दुकानांतून फिरून यावं लागलं, यात थोडी चूक आपली आहे.

संग्रह करणं वाईटच, असंही मी म्हणत नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल, नसेल तर जरूर बघा. डॉ. दिनकर केळकरांनी, जे 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहायचे, 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. राजेरजवाड्यांच्या तलवारीपेक्षा त्यांचा जीव घरगुती वस्तूंवर. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकाची भांडी. सुमारे 20,000 वस्तू. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं त्यांनी ते उभं केलं आणि 1975 साली सगळंच्या सगळं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलं. मी त्या काचेपुढे उभी राहिले तेव्हा एक अडकित्ता बघून वाटलं, ही तर बायकांच्या हाताची नोंदवही आहे, कुणा बखरकारानं न लिहिलेली. इतकं जमवून शेवटी हात मोकळा केला. त्याला परिग्रह कोण म्हणेल? तो त्याग आहे. फरक वस्तूंच्या संख्येत नाही, मूठ उघडण्यात आहे.

ज्या मुलींना, सुनांना, किंवा तुमच्यापैकीच कुणाला ही हौस असेल, त्यांच्यासाठी मी तीन चाळण्या ठरवल्या आहेत.

पहिली, वापराची. जी वस्तू आणाल ती महिन्यातून निदान एकदा हाताळली जाईल का? पितळेचं भांडं स्वयंपाकाला घेणार असाल तर आत कल्हई आहे का बघा. हल्ली शोभेच्या पितळेवर चमक टिकावी म्हणून पारदर्शक थर दिलेला असतो, त्यात शिजवायचं नाही. कल्हई करणारा तुमच्या गावात उरला आहे का हे आधी विचारा. असेल तर त्याला काम द्या, भांड्याबरोबर एक धंदाही जगेल. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून तांब्यावर मठारकामाचे ठोके पडतात. जुन्याची खरी आवड असेल तर ती त्या हातांपर्यंत पोचली पाहिजे.

दुसरी, हिंसेची. ही चाळणी इतरांना सुचणार नाही, आपल्याला सुचलीच पाहिजे. जुन्या सगळ्या वस्तू निर्मळ नाहीत. जुन्या पेट्या, बॅगा कातड्याच्या असतात. जुन्या डब्या, फण्या, बांगड्या हस्तिदंताच्या असतात. हस्तिदंताचा व्यापार आता कायद्यानं बंद आहे, पण 'आजीची आठवण' म्हणून तो कौतुकानं मिरवू नये. ग्रामोफोनच्या 78 च्या तबकड्या लाखेपासून बनायच्या, आणि लाख येते कीटकांपासून. आणि रेशीम! इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर आणि काठ रेशमी असायचे, हल्ली पुष्कळदा कृत्रिम रेशमाचे असतात. खणाचं माहेर कर्नाटकातलं गुळेदगुड्ड, बागलकोट जिल्ह्यात. त्यातही रेशीम-सूत असं मिश्रण असतं. दुकानदाराला स्पष्ट विचारून सुती घ्या. कोश उकळत्या पाण्यात जातात हे माहीत असूनही आपण पूजेला रेशीम नेसत आलो, हे मी आपल्या पिढीचं कबूल करते. घरात असलेलं जुनं रेशीम टाकून द्यायचं की नेसायचं, यावर माझं मन अजून ठरलेलं नाही. नवं घ्यायचं नाही, एवढं मात्र नक्की ठरलंय.

तिसरी, मोजमापाची. एक आली तर एक गेली पाहिजे. आणि जाणारी वस्तू कचऱ्यात नको, कुणाच्या तरी उपयोगात जावी. चातुर्मासात जसे आपण हिरव्या भाज्यांचे, पदार्थांचे नियम घेतो, तसा वस्तूंचाही एक आकडा लिहून देवापुढे ठेवावा. मी या वर्षी साड्यांचा ठेवला आहे. जास्तीच्या बाहेर काढल्या. गंमत म्हणजे त्यांतल्या दोन साध्या सुती साड्या सुनेनंच मागून नेल्या. म्हणाली, "ह्याचे फ्रॉक होतील."

आता दोन महिन्यांपूर्वी मी तिला काय बोलले ते सांगायचं राहिलं. मुद्दाम शेवटी ठेवलं.

आषाढात ती नातीला घेऊन आली होती. पाच वर्षांची नात, पिशवीतून काय काय काढत होती. इवलीशी चूल, बोटभर तवा, जातं, पोळपाट, कळशी, बंबसुद्धा. पितळेची भातुकली, तुळशीबागेतून घेतलेली. मी किंमत विचारली. ऐकून माझं डोकं फिरलं. म्हणाले, "एवढ्यात खरी भांडी आली असती. तुम्हा लोकांना भंगारावर पैसे उधळायची हौस." सून काही बोलली नाही. मग जरा वेळानं नात झोपल्यावर हळूच म्हणाली, "अहो आई, आपल्या घरची भातुकली नव्हती का एखादी?"

होती.

बाईंच्या माहेरून आलेली होती. एका जुन्या खणाच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या खेळायच्याच वयाच्या होत्या, म्हणून त्यांच्या आईनं ती बरोबर दिली होती. 1990 च्या आसपास मी बंब आणि हंडे मोडीत दिले, तेव्हा वजनात थोडं कमी पडत होतं. स्टीलचा मोठा डबा येईना. मी आत गेले, फडताळातून ती पुरचुंडी आणली आणि तराजूत टाकली. बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी बघितलं. काही म्हणाल्या नाहीत. मी डबा वाजवून बघत होते.

तो डबा अजून आहे, त्यात तांदूळ असतात. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना ते लागलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. त्या फार व्रतस्थ होत्या. कदाचित त्यांच्या मनात खरंच आकिंचन्य असेल, माझ्यासारखं ओट्यावर बोलण्यापुरतं नव्हे. पण दुसऱ्याच्या वस्तूचा त्याग आपण परस्पर करून टाकायचा, याला धर्म म्हणत नाहीत. हे मला कळायला सुनेचा एक प्रश्न लागला.

परवा क्षमावाणी झाली. मंदिरात सगळ्यांना हात जोडले, फोनवरून सगळ्या नातेवाइकांना झालं. मग सुनेला फोन लावला. सासूनं सुनेची क्षमा मागायची म्हणजे आपल्याकडे जीभ जरा अडखळतेच. ती म्हणाली, "अहो आई, काहीतरीच काय!" आणि विषय बदलला. नातीला फोन दिला. नात म्हणाली, "आजी, मी बंबात पाणी तापवलंय, तू आंघोळीला ये." बाईंची क्षमा मात्र मनातल्या मनातच मागितली.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातल्या मुली जुन्याचं वेड घेऊन आल्या तर लगेच हसू नका. आधी बघा, ती वस्तू त्या वापरतात का, तिच्यात कुणाचा जीव गेलाय का, आणि ती सुटायची वेळ आली तर सोडतील का. तिन्हींचं उत्तर बरोबर आलं तर खुशाल खेळू द्या. आणि माळ्यावर, फडताळात एखादी पुरचुंडी अजून शिल्लक असेल, तर ती मोडीत घालण्याआधी ज्यांची आहे त्यांना एकदा विचारा. त्या असतील तोवरच विचारता येतं.

माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.